वेड्या राघूंचा उन्हाळा

कुरावा,
२ डिसेंबर १९८४

प्रिय मर्व्ह,

तुझं पत्र मिळालं. ‘गावच्या बातम्या नकोत, फक्त पक्षी लिही,’ असं बजावलंयस, तर पक्षीच लिहिते. जेलात बसलेल्या धाकट्या भावाचा हट्ट मोडायचा म्हणजे पाप लागायचं.

डिसेंबर उजाडला, आपल्याकडचा उन्हाळा लागला आणि वेडे राघू आले. घरामागच्या वाळूच्या कड्यात बिळं पोखरून बसलेत. सकाळी चहाचा मग आणि आल्फच्या माघारी उरलेली त्याची दुर्बीण घेऊन मी मागच्या व्हरांड्यात बसते. टिबी कुत्री पायाशी पडलेली असते. राघू उडता उडता मधमाशी पकडतो, कुंपणाच्या तारेवर येऊन बसतो आणि तिला आपट आपट आपटतो, नांगी गळून पडेपर्यंत. मग ऐटीत गिळतो. अंगावर एवढे हिरवे-निळे रंग आणि धंदा हा.

मंगळवारी कड्यावर घोरपड चढली. पंजांनी बिळं उकरून आत तोंड घालायची आणि पिल्लं ओढून काढायची. मोठे राघू तिच्या डोक्यावर झेपा घेत होते, किंचाळत होते. तिला माशी बसल्याइतकंही वाटत नव्हतं. मी फावडं घेऊन धावले. तिने वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या जबड्यातून एक इवलासा पंख बाहेर लोंबत होता. फावडं शेपटीवर बसलं. ती गेली, पण कड्याचा डावा भाग रिकामा करून गेली.

शेजारच्या शेतात सूर्यफूल भरलंय. रेक्स हॅलोरनचं. तू घर सोडल्यानंतर किती तरी वर्षांनी त्याने ती जमीन घेतली, त्यामुळे तू त्याला पाहिलेलं नाहीस. पांढऱ्या काकाकुव्यांचे थवे उतरले की तो बंदूक घेऊन गाडीच्या टपावर बसतो. त्याचं पीक आहे, त्याला राखायला हवं, हे मला कळतं. पण छर्रे लागलेले पक्षी फडफडत माझ्या कुंपणापाशी येऊन पडतात आणि त्यांच्या माना मला मुरगळाव्या लागतात. आधी जमत नव्हतं. आता जमतं.

मार्चमध्ये तुझ्या सुटकेचा अर्ज बोर्डापुढे जाईल. तोवर हात खिशात ठेव.

तुझी,
नोला


११ डिसेंबर

नोल,

तुझं पत्र आमच्या कोठडीत मोठ्याने वाचून दाखवलं. घोरपडीपाशी आल्यावर एक दरोडेखोर म्हणाला, “पुढे काय झालं, लवकर सांग!” तुझं नाव झालंय इथे.

माझ्या खिडकीतून भिंतीचा एक तुकडा दिसतो. त्यावर एक बारका ससाणा येतो. त्याने कबुतर धरलं की पिसं खाली आवारात पडतात. उद्या तो धरणार की नाही यावर तंबाखूच्या पैजा लागतात. आमचे पक्षी एवढेच.

मला धुलाईखान्यात काम दिलंय. सगळ्या जेलच्या चादरी, आणि दोन तापलेल्या, फिरत्या रुळांचं इस्त्रीचं मशीन. उन्हाळ्यात त्याच्यापाशी उभं राहणं ही वेगळी शिक्षा. काल जेवणाच्या रांगेत एकाने दुसऱ्याच्या गालात काटा खुपसला. कारण काय, तर बटाटा. मी ताट उचलून बाजूला झालो. पूर्वी मी मध्ये घुसलो असतो, दोघांनाही हाणलं असतं. बघ, सुधारलोय.

त्या रेक्सच्या वाटेला जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. आईने मला पट्ट्याने बदडलं की तू आईच्याच अंगावर धावून जायचीस. दारू पिऊन बाटली हाणल्याबद्दल मी आत आहे, पण घरात खरी मारकुटी तू होतीस, हे तुलाही ठाऊक आहे.

मर्व्ह


कुरावा,
२७ डिसेंबर

प्रिय मर्व्ह,

तू नको म्हणालास ते करून बसले आहे. आता शिव्या देऊ नकोस, आधी ऐक.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी व्हरांड्यात आले तर तळं पांढरं दिसलं. मला वाटलं, बगळे उतरले. दुर्बीण लावली. काकाकुवे होते, पाण्यावर तरंगणारे. काठावर आणखी पडलेले. काही अजून मेले नव्हते. माना मागे वळलेल्या, पाय ताठ, चोचीतून फेस, आणि अंगाला असे झटके येत होते की जणू कुणी आतून ओढतंय. टिटव्या होत्या, पारवे होते, एक काळा-पांढरा मॅगपाय होता, आणि त्यांना खायला आलेली एक घारही त्यांच्यातच पडली होती. काठाकाठाने विष चोळून लाल रंगवलेले गहू विखुरलेले. माझ्या तळ्याच्या काठी, मर्व्ह. माझ्या कुंपणाच्या आत.

टिबीला घरात कोंडलं. हातमोजे घातले आणि दिवसभर पक्षी गोळा केले. जे तडफडत होते त्यांना फावड्याने संपवलं. खांदे भरून आले.

नाताळच्या दुपारी लोकर भरायचं एक पोतं मेलेल्या पक्ष्यांनी भरलं, गाडीत टाकलं आणि रेक्सच्या घरी गेले. ते जेवायला बसले होते. रेक्स, त्याची बायको डोरीन, आणि लांब केसांचा एक भाचा. डोक्यावर कागदी टोप्या, मध्ये भाजलेली कोंबडी. डोरीन उठली, म्हणाली, “अगंबाई, नोला! ये ना, बस.”

मी पोतं टेबलावर ओतलं.

कोंबडीवर काकाकुवे पडले, वाटीतल्या सॉसमध्ये घार पडली. वास तर विचारूच नकोस. डोरीन किंचाळून मागे पडली. भाचा आधी हसला, मग बाहेर पळाला आणि पायरीवर ओकला.

रेक्स बसूनच राहिला. टोपी काढून शांतपणे घडी केली. म्हणाला, “थेरडे, माझ्या घरात येऊन माझ्या बायकोला घाबरवतेस?”

“तू माझं पाणी नासवलंस,” मी म्हटलं. “तळं माझं आहे.”

“पक्ष्यांना सांग ना मग, कुठे मरायचं ते.”

“वनखात्याच्या माणसाला सांगणार आहे. त्याला कळतं कुणाला सांगायचं ते.”

तो उठला. माझ्या दंडाला धरून दारापर्यंत नेलं आणि पायरीवरून ढकललं. गुडघे फुटले. पण खरं सांगू? घरी येताना मी गाडीत गात होते.

नोला


७ जानेवारी १९८५

नोल,

पोतं ओतल्याचं वाचून आधी हसलो. इतका की पहारेकरी बघायला आला. मग कोठडीत बसलो आणि हसू जिरलं.

ऐक. टोपी काढून घडी करणारा माणूस मला माहीत आहे. आरडाओरडा करणारे बरे, ते दोन ठोसे मारून घरी जातात. मीही बाटली फोडायच्या आधी शांत होतो. ग्लासातली बियर संपवली होती, नीट. त्या माणसाचं तोंड मी आयुष्यभरासाठी वाकडं केलं आणि तेव्हा माझा हात जराही थरथरत नव्हता. म्हणून म्हणतो, घरात बंदूक असेल तर साफ करून ठेव, आणि तळ्यावर एकटी जाऊ नकोस. वनखात्याचं काय झालं ते कळव.

बोर्डाची तारीख पक्की झाली. इथला पाद्री माझ्याबद्दल चांगलं लिहून देतोय. सुटलो की सरळ तुझ्या व्हरांड्यात येईन. दारू नाही, गाव नाही. तू राघू दाखवायचे आणि मी बघायचे.

मर्व्ह


कुरावा,
३० जानेवारी

प्रिय मर्व्ह,

उत्तराला उशीर झाला. डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. तळ्यावर पाय घसरून पडले. उजवं मनगट मोडलं, नाकातोंडात पाणी जाऊन छातीत कफ झाला, म्हणून इस्पितळात ठेवलं होतं. आता घरी आहे. काळजी करण्यासारखं काही नाही.

टिबी गेली. साप चावला.

पक्ष्यांचं लिहिते. उष्णता भयंकर आहे. दुपारी झाडांवरून पारवे पिकल्या फळांसारखे गळतात. चोची उघड्या, पंख पसरलेले. खाटीक पक्ष्याने एक चिमणी पकडली आणि बाभळीच्या फांदीच्या बेचक्यात अडकवून थोडी थोडी फाडून खाल्ली. अर्धी अजून तिथेच लटकतेय. कूकाबुरा खंड्याने छपराच्या कडेवर एक सापाचं पिल्लू आपटून आपटून मारलं. राघूंची दुसरी वीण बिळाबाहेर आली. आई-बाप त्यांना तारेवर ओळीने बसवतात आणि भरवतात. तळ्यावर चपट्या चोचीचे दोन चमचे उतरलेत. वाकड्या चोचीचे शराटीही आलेत. एक मोठा गरुड रोज घरावरून जातो, खालून मॅगपाय त्याच्या पाठीला टोचत असतात.

बोर्डासमोर नीट इस्त्रीचा शर्ट घाल. पाद्र्याला माझा नमस्कार सांग.

नोला


८ फेब्रुवारी

नोल,

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. चमचे, शराटी, गरुड. सगळी पाखरं आहेत, फक्त रेक्स हॅलोरन नाही. वनखात्याचं विचारलं होतं, त्यावर अक्षर नाही. आणि ज्या बाईने आयुष्य काढलं त्या तळ्यावर, तिचा पाय घसरला.

आता मी सांगतो.

मागच्या आठवड्यात आमच्या धुलाईखान्यात एक नवा आला. शेन टकर, पंचविशीचा, लांब केस. आधीची स्थगित शिक्षा होती, त्यात मामाची गाडी चोरली म्हणून आत आला. कुरावाकडचा आहे म्हटल्यावर मी त्याला जवळ केलं. तंबाखू दिली. मी तिथलाच हे सांगितलं नाही, आणि आल्फशी लग्न केल्यापासून तुझं आडनाव प्रिचर्ड, माझं डून. त्याला कसं कळणार?

काल चादरी घड्या करताना सगळे आपापले पराक्रम सांगत होते. त्याची पाळी आली.

“आमच्या शेजारी एक म्हातारी आहे,” तो म्हणाला. “पाखरांची आई. नाताळच्या जेवणावर मेलेले काकाकुवे ओतून गेली.”

सगळे हसले. “मग?”

“मग काय! मामाने तिच्या कुत्रीला गोळी घातली आणि म्हातारीला तिच्याच तळ्यात पाणी पाजलं. मुंडकं धरून आत. पाय कसे झाडत होती माहितीये?” आणि त्याने बाकावर पालथं पडून करून दाखवलं.

मी म्हटलं, “पुन्हा सांग.”

त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा पाय झाडले. सगळे हसले. मीही हसलो, नोल.

उलट टपाली लिही. लिही की ती दुसरी कुणी म्हातारी आहे.

मर्व्ह


कुरावा,
१२ फेब्रुवारी

मर्व्ह,

तुझं पत्र आता हातात पडलं. फोन बंद आहे म्हणून मोडक्या हाताने गाडी हाकत गावात गेले आणि जेलला फोन लावला. कारकून म्हणाला, “निरोप देतो, बाई.” त्याच्या आवाजावरून भरवसा वाटला नाही, म्हणून इथे पोस्टातच उभी राहून लिहितेय.

हो, ती मीच. पण त्या मुलाच्या केसाला हात लावू नकोस. सगळं वाच.

वनखात्याचा माणूस आला होता. त्याने रेक्सच्या कोठारातून विषाचे गहू जप्त केले. त्यानंतरच्या दुपारी रेक्स गाडी घेऊन तळ्यावर आला, उरलेली गोणी उधळायला. गाडी भाचा चालवत होता. मी फावडं घेऊन गेले. टिबी पुढे धावली. रेक्सने तिला दहा पावलांवरून गोळी घातली. ती उलटी पडली आणि परत माझ्याकडे सरपटत यायला लागली. मागचं अंग जवळजवळ उरलंच नव्हतं. मी फावडं त्याच्या कानशिलात हाणलं. कान फाटला. पहिला वार माझा होता, तेही सांगते.

त्याने माझं मनगट पिरगळून मोडलं, केसांना धरून पाण्यात ओढलं आणि मानेवर गुडघा ठेवला. चिखल तोंडात गेला. मी पाय झाडले, खरं आहे ते. मग कानात नुसतं ढोल वाजल्यासारखं झालं.

मला बाहेर काढलं ते शेनने. “मामा, मरेल ती! सोड!” असं ओरडत तो पाण्यात शिरला. मामा सोडेना तेव्हा त्याने कुंपणाचा खुंट त्याच्या पाठीत घातला. माझ्या कॉलरला धरून मला काठावर ओढलं, पालथं करून पाणी काढलं आणि त्याच गाडीत घालून इस्पितळात नेलं. वाटभर रडत होता. “पोलिसांना सांगू नका, मामा मला जिवंत ठेवणार नाही.” मी शब्द दिला. आणि तुझा बोर्ड जवळ आला होता, तुझा स्वभाव मला माहीत. म्हणून पडले असं सांगितलं, त्यांना आणि तुलाही.

त्याच गाडीच्या चोरीत रेक्सने त्याला आत टाकलंय, हे मला तुझ्या पत्रातून कळतंय. मला वाचवायला त्याने ती गाडी नेली, मर्व्ह! मी आता इथून सरळ पोलिसांकडे जातेय. शब्द मोडला तर मोडला.

तो तिथे बढाई मारतो कारण तिथे दुसरं काय सांगणार? की म्हातारीला वाचवताना रडलो?

हात खिशात ठेव. मी पाया पडते.

नोला


२३ फेब्रुवारी

नोल,

तुझं पत्र मला काल मिळालं, शिक्षेच्या कोठडीत. तारीख बघितली. ते ऑफिसात पडून होतं. निरोप कुणी दिला नाही.

मी वाट पाहिली, एवढं मान. रोज टपाल वाटणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचो. शेन रोज माझ्या शेजारी उभा राहून मशीनमध्ये चादरी घालायचा, शीळ वाजवायचा. सोमवारी कुणी तरी म्हणालं, “शेन, ते म्हातारीचं करून दाखव.” तो म्हणाला, “राहू दे आता.” दोघे-तिघे मागे लागले. त्याने पाय झाडून दाखवले. थोडेच. मन नव्हतं त्याचं, हे मला आज आठवतंय.

मी त्याला मागून धरलं. कानात सांगितलं, “ती म्हातारी माझी बहीण आहे.”

तो म्हणाला, “मी काढली तिला! मीच काढली बाहेर, विचारा तिला!”

मार खाताना सगळे असंच म्हणतात, नोल. मीही म्हटलं असतं. त्याचा उजवा हात मी रुळांमध्ये दिला. तो चादरीसारखा आत गेला, कोपरापर्यंत. तो ओरडत होता तेही एकच, “विचारा तिला, विचारा तिला.” मशीन बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं. पहारेकरी धावत येऊन ते दाबेपर्यंत मी तिथे उभा होतो.

तेव्हाही हात थरथरला नाही. तुझं पत्र वाचल्यापासून थरथरतोय. हे अक्षर बघ.

बोर्ड गेला. नवा खटला होणार. त्याचं मला काही नाही. तो हात राहिला का, एवढं कळव. इथे मला कुणी सांगत नाही.

मर्व्ह


कुरावा,
१७ मार्च

मर्व्ह,

हात राहिला नाही. कोपराखाली कापला.

लिहायला इतके दिवस लागले कारण पेन उचललं की खाली ठेवत होते. मनगट बरं आहे. ते कारण नव्हतं. राघू गेले उत्तरेकडे. बाकी पाखरांचं आज काही लिहिणार नाही.

मी शेनला भेटून आले. इस्पितळात त्याच्या खाटेशी पहारा आहे, तरी मला आत सोडलं. चेहरा मेणासारखा. मला बघून म्हणाला, “तुम्ही पोलिसांना सांगितलंत ना?” मी म्हटलं, “हो.” म्हणाला, “बरं केलंत. पण आधी सांगायचं होतंत.” मी शब्द पाळत बसले आणि तुझा बोर्ड सांभाळत बसले, आणि त्याचा हात गेला. त्याने पोलिसांना सगळा जबाब दिला. रेक्सला पकडून नेलं, जामीन मिळाला नाही. गाडीचा गुन्हा मागे घेतलाय. बरा झाला की शेन घरी जाईल.

त्याची आई बाहेर बाकावर बसली होती. कॅथ, रेक्सची सख्खी बहीण. बारीकशी बाई, एका पिठाच्या गिरणीत काम करते. मी कोण ते सांगितलं. मला वाटलं ती थुंकेल. तिने बाकावर सरकून मला जागा केली. मग म्हणाली, “एका बाजूला माझा भाऊ, एका बाजूला तुमचा. आणि मध्ये माझा मुलगा.”

मी म्हटलं, “मी आधी बोलले असते तर—”

“नका,” ती म्हणाली. “माझ्या भावाबद्दल मीही वर्षानुवर्षं काही बोलले नव्हते. लहानपणी मांजरीच्या पिल्लांचं तो काय करायचा, ते मी आईला कधी सांगितलं नाही. भाऊच तो.”

मग आम्ही यंत्रातला कसलासा चहा प्यायलो. शेनला अन्न भरवावं लागतं, त्यात तो चिडतो. ती भरवायला लागली की ताट उडवतो. त्या दिवशी मी भरवलं तर खाल्लं, माझ्याकडे न बघता.

तुझ्या वकिलाचा फोन आला होता. मी तुझ्या बाजूने साक्ष द्यावी असं त्याचं म्हणणं. बहिणीला झालेली मारहाण ऐकून डोकं फिरलं, असं मी रडून सांगितलं तर शिक्षा कमी होईल म्हणतो. मी त्याला म्हटलं, मला विचारतील ते सगळं खरं सांगेन. रेक्सने काय केलं ते सांगेन, शेनने काय केलं तेही, आणि तू वाट पाहिलीस तेही. बटण तुझ्या हाताशी होतं, तेही सांगेन. तो म्हणाला, “बाई, मग नाही आलात तरी चालेल.” मी येणार आहे.

तू माझा भाऊ आहेस आणि मरेपर्यंत राहशील. पत्रं लिहीन, भेटीला येईन, जे चालतं ते घेऊन येईन. माझ्यासाठी तू कुणाचं वाटोळं केलंस असं मात्र मला कधी सांगू नकोस. मी मागितलं नव्हतं.

खटल्याच्या दिवशी तुला आत आणतील तेव्हा तू वळून बघशील. आपल्या बाजूच्या बाकांवर मला शोधत बसू नकोस. मी पलीकडे असेन, कॅथच्या शेजारी. तिच्यासोबत यायला दुसरं कुणी नाही.

नोला